मॉड्यूलच्या सांध्यावर डबे उडतात: भोकांचं जिग चुकलं की आम्ही?

घाटातला बँकर, इंदिरानगर

नमस्कार मंडळी. बँकेत पस्तीस वर्षं काढली म्हणून मित्र मला बँकर म्हणतात. आता आम्ही पाच जण मिळून कसारा घाटातल्या रेल्वेचं छोटं मॉडेल करतोय. तिथे कसाऱ्याला गाडीच्या मागे इंजिन जोडतात, त्यालाही बँकरच म्हणतात. म्हणजे निवृत्तीनंतरही ढकलण्याचंच काम.

स्केल एचओ, १:८७. ट्रॅक १६.५ मिमीचा, बाजारात मिळतो तो. (आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, त्याला ८७ ने भागलं की १९.२६ येतात हे माहीत आहे. त्यावरून इथे पूर्वी दोन पानं भांडण झालंय, ते परत नको.)

फ्लॅटमध्ये सात मीटरचा घाट मावत नाही, म्हणून सहा मॉड्यूल केली, म्हणजे सुटे करून परत जोडायचे तुकडे. प्रत्येक १२०० बाय ३०० मिमी. वरची फळी १२ मिमी प्लाय, दोन्ही टोकांना १८ मिमी प्लायच्या १०० मिमी उंच आडव्या फळ्या. सांध्याला ८ मिमीच्या दोन डॉवेल पिना, एकमेकींपासून २२० मिमीवर, आणि मध्ये एक एम-८ बोल्ट विंग नटने आवळायचा. निम्मी मॉड्यूल माझ्याकडे होतात, निम्मी पंचवटीतल्या मित्राकडे. भोकं सगळीकडे सारखी पडावीत म्हणून ८ मिमी अ‍ॅक्रिलिकचं जिग, म्हणजे भोकांचा साचा, लेझरवर कापून घेतलं. त्याच्या वरच्या आणि डाव्या कडेला पट्टी चिकटवली आहे. टोकाच्या फळीवर जिग टेकवायचं, पट्टी वरून आणि डावीकडून लागली की क्लॅम्प मारायचा आणि हँड ड्रिलने भोक.

पिना मस्त बसतात, अगदी टक् करून. पण रूळ जुळत नाहीत. चार मॉड्यूल जोडून पाहिली. कसाऱ्याकडून इगतपुरीकडे जाताना पुढच्या मॉड्यूलचा ट्रॅक प्रत्येक सांध्यावर दरीच्या बाजूला सरकलेला. रुळाच्या कडेला स्टीलची पट्टी धरून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजलं: ०.५, ०.६५, ०.६५ मिमी. इंजिन पुढून ओढत असेल तर गाडी ठकठक करत पार होते. मागून बँकर लावला की तिसरा डबा सांध्यावर चढलाच म्हणून समजा.

पंचवटीकर म्हणतो लेझरवाल्याने घोळ केला. सिडकोतला म्हणतो माझा हात हलतो. अंबडला एका ठिकाणी विचारलं, स्टीलचं जिग व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) करून देतो म्हणाले, दोन हजारांच्या पुढे. करून घ्यावं का?

स्विचमन, नाशिकरोड

पिना काढून फेका. अमेरिकेत फ्री-मो पद्धतीची मॉड्यूल करणारे नुसते सी क्लॅम्प लावतात. युरोपातली फ्रेमो मंडळी १९८१ पासून बोल्टवर जोडतायत, पण भोकं मुद्दाम बोल्टपेक्षा मोठी ठेवतात. रूळ बोटाने जुळवायचे आणि मग आवळायचं. अचूक भोकाचा हट्टच कशाला?

घाटातला बँकर, इंदिरानगर

@स्विचमन, बोटाने जुळवून पाहिलं. पाच सांधे, प्रत्येकाला दहा मिनिटं. चौथा जुळवताना कोणीतरी टेबलाला कंबर लावतं आणि दुसरा हलतो. सोसायटीच्या हॉलमध्ये दिवाळीत मांडायचंय, समोर पोरं उभी असणार. पिनाच हव्यात.

टूलरूम काका, सातपूर

साहेब, दोन हजार खिशातच ठेवा आणि आधी तीन गोष्टी सांगा.

एक, प्रत्येक मॉड्यूलची रुंदी व्हर्नियरने किती भरते? सुताराने सांगितलेली नको, मोजलेली. दोन, ट्रॅक टाकताना मध्य कसा काढला? तीन, जिगची पट्टी डावीकडे आहे म्हणता. दोन्ही टोकांना जिगचं तेच तोंड लावलं का?

घाटातला बँकर, इंदिरानगर

व्हर्नियर पंचवटीकराकडून आणला, म्हणून उशीर. रुंदी अनुक्रमे ३००.५, ३००.६, ३००.७, ३००.५. ट्रॅकचा मध्य दोन्ही कडांपासून मोजून काढला, म्हणजे बरोबर मधोमध. आणि हो, जिगचं तेच तोंड. बाहेरून उभं राहून पट्टी डावीकडे, दोन्ही टोकांना. एकसारखं असावं म्हणूनच तर तसं केलं.

टूलरूम काका, सातपूर

आलं लक्षात. जिग बरोबर आहे. लेझरवाल्याला शिव्या देऊ नका, आणि तुमचा हातही फार हललेला नाही. लावायची पद्धत उलटी झाली.

मॉड्यूल टेबलावर ठेवा आणि इगतपुरी टोकासमोर उभे राहा. डावा हात कुठे? दरीकडे. आता वळसा घालून कसारा टोकासमोर या. डावा हात डोंगराकडे गेला. म्हणजे पट्टी एका टोकाला दरीच्या कडेला टेकली आणि दुसऱ्या टोकाला डोंगराच्या. दोन्हीकडे पिनांचा मध्य कडेपासून १५० वर आला, पण वेगवेगळ्या कडेपासून. फळी नेमकी ३०० असती तर काही बिघडलं नसतं. तुमची अर्धा-पाऊण मिलिमीटर जादा आहे आणि ट्रॅक तुम्ही खऱ्या मध्यावर टाकलाय. त्यामुळे इगतपुरी टोकाला ट्रॅक पिनांपेक्षा पाव मिमी डोंगराकडे, तर कसारा टोकाला पाव मिमी दरीकडे. ही दोन टोकं एकमेकांना भेटली की पाव आणि पाव अर्धा.

हिशेब पडताळून बघा. पहिली फळी ०.५ जादा, दुसरी ०.६. बेरीज १.१, निम्मे ०.५५. तुम्ही मोजले ०.५. दुसरी-तिसरी: १.३ चे निम्मे ०.६५, मोजले ०.६५. तिसरी-चौथी: १.२ चे निम्मे ०.६, मोजले ०.६५. तो जो अर्ध्या दशांशाचा फरक राहतो, तेवढाच काय तो तुमच्या हँड ड्रिलचा. आणि सरक प्रत्येक सांध्यावर एकाच बाजूला, जिन्यासारखी. हात हलला असता तर कधी इकडे गेली असती, कधी तिकडे. मी तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच तेवढं वाचलं आणि चहा टाकायला सांगितला.

लाजू नका. मी अप्रेंटिस असताना गाडीचा एक ब्रॅकेट होता, एलएच आणि आरएच, म्हणजे डावा आणि उजवा. ड्रिल जिग एकच, पलटून लावायचं. जिगच्या एका तोंडावर मोठ्ठा एलएच पंच केलेला, मागे आरएच. मी सकाळपासून चाळीस नग मन लावून ओढले, सगळे एलएच. चार्जहँड आला, एक डावा उचलला, दुसरा उचलला, दोन्ही हातात धरून माझ्या डोळ्यांसमोर तोंडाला तोंड लावून एकमेकांवर ठेवायला लागला. बसेनात. काही बोलला नाही. दोन्ही माझ्या हातात दिले आणि जेवायला गेला. त्यानंतर जिग हातात घेतलं की मी पहिल्यांदा त्याची पाठ बघतो.

आता करायचं काय ते सांगतो.

तुमच्या जिगची पट्टी एकाच बाजूने बाहेर आलीय. ती काढा आणि त्याच कडेवर रुंद पट्टी लावा, जी दोन्ही बाजूंनी पंधरा-पंधरा मिमी बाहेर येईल. वरची पण, डावीकडची पण. पट्टी जिगच्या कडेवरच बसते म्हणून मापं बदलत नाहीत. झालं पलटी जिग. एका तोंडावर मार्करने लिहा ‘इगतपुरी’, दुसऱ्यावर ‘कसारा’. आता कुठल्याही टोकाला लावा, पट्टी दरीच्याच कडेला टेकेल. आमच्याकडे त्या कडेला डेटम म्हणतात. एक डेटम ठरला की तो मरेपर्यंत तोच. भोकंही त्यावरून आणि ट्रॅकही त्यावरून.

जिग पलटलं की आणखी एक फायदा. उद्या जिगमध्येच समजा ०.३ चा दोष निघाला, तरी तो दोन्ही टोकांवर आरशासारखा उतरतो आणि जोडताना दोष दोषावर बसतो. न पलटता लावलं की तोच दोष दुप्पट होतो. अट एवढीच, मॉड्यूल गोल फिरवून उलटं जोडायचं नाही. तुमचा घाट आहे, कसारा इगतपुरीच्या जागी कोण ठेवतंय? पण फळीखाली लिहून ठेवा. मांडणीच्या दिवशी रात्री अकरा वाजता माणूस काहीही करतो.

इगतपुरी टोकांची भोकं आधीच दरीच्या कडेवरून आहेत, त्यांना हात लावू नका. फक्त सहा कसारा टोकं परत करायची. फळ्यांच्या रुंदीत आपसात ०.२ चाच फरक आहे, त्याचा निम्मा म्हणजे फार तर ०.१ राहील. १:८७ ला ०.१ म्हणजे खऱ्या रुळावर नऊ मिलिमीटरच्या आत. तुमचा आत्ताचा ०.६५ म्हणजे साडेपाच सेंटिमीटर, डबा चढेल नाही तर काय!

पण जुन्या भोकाला अर्ध्या मिमीवर खेटून नवीन भोक ड्रिल करायला जाल तर ड्रिल जुन्याच भोकात घुसेल. म्हणून ड्रिलवर विसंबूच नका. जुनी भोकं १४ मिमीची करून टाका, वेडीवाकडी झाली तरी चालेल. ८ मिमी आतलं आणि १२ मिमी बाहेरचं असा बुश, म्हणजे आखूड पोकळ नळी, आणा. ड्रिल बुश मिळाला तर उत्तम, त्यात हे माप असतं, नाहीतर कुठल्याही लेथवाल्याकडून पितळी करून घ्या. पिनेला मेणबत्तीचं मेण चोळा, सगळीकडून, कंजुषी नको. पिन जिगमध्ये घाला आणि पिनेवर बुश चढवा. बुशाला बाहेरून पॉलिश पेपरने ओरखडे काढा आणि साधं, चोवीस तासांचं एराल्डाइट लावा. पाच मिनिटांचं नको, ते घाई करायला लावतं. मग जिग टोकाच्या फळीवर टेकवा, पट्टी वरून टेकली, दरीकडून टेकली, क्लॅम्प. बुश १४ च्या भोकात लोंबतो आणि त्याच्याभोवती एक-एक मिमी एराल्डाइट. तुम्ही आता जा झोपायला. दुसऱ्या दिवशी जिग ओढून काढा, बुश जिथे जिगला हवा होता तिथेच उभा. भोक कितीही तिरकं असो, जागा जिगने दिलेली. टूलरूममध्ये आम्ही हे सर्रास करायचो, आणि साहेब लोकांना सांगायचो की बोअरिंग केलंय.

दुसरं. दोन्ही पिना घट्ट ठेवू नका. दरीकडची पिन गोल राहू द्या. डोंगराकडच्या पिनेच्या डाव्या-उजव्या गालांवर कानस मारा, अर्धा-अर्धा मिमी. वर-खाली मारायचं नाही, उंची त्यावर ठरते. याला डायमंड पिन म्हणतात. कारण तुमचं जिग अ‍ॅक्रिलिकचं. अ‍ॅक्रिलिक पोलादाच्या सहापट फुगतं. नाशकात थंडीत पहाटे १५ डिग्री आणि गॅलरीत दुपारी ३० धरा, २२० मिमीच्या अंतरात पाव मिमीच्या आसपास फरक पडतो. एक मॉड्यूल सकाळी, एक दुपारी केलं की दोन गोल पिना बसायच्याच नाहीत.

एन स्केल वाली, गंगापूर रोड

काका, चाळीस ब्रॅकेट वाचून चहा सांडला.

@बँकर काका, एक जोड देते. माझं मॉड्यूल एन स्केल आहे, १:१६०, ट्रॅक ९ मिमी, तिथे सगळं आणखी नाजूक. मी फाउंड्रीचे पॅटर्न बनवणाऱ्यांचे पितळी डॉवेल वापरले, एक नर आणि एक मादी, टोकाला गोलसर. आंधळ्यासारखे जोडले तरी आपोआप आत शिरतात.

पण माझं रडगाणं वेगळं होतं. जुलैत सांधे परत हलले. पिना जागेवर, रूळ उंचीला पाव मिमी वर. भोकांचं काही नव्हतं, प्लाय फुगून वरची फळी कडेला उचलली होती, कारण टोकाची फळी मी खालून नुसती स्क्रूवर ठेवलेली, गोंद नाही. आणि शेवटच्या दोन इंचातला ट्रॅक फक्त खालच्या कॉर्कच्या पट्टीवर चिकटवलेला. आता प्रत्येक टोकाला रुळाखाली दोन पितळी स्क्रू, त्यांची डोकी उंचीला जुळवून घेतली आणि रूळ त्यांना सोल्डर केले. तेव्हापासून दोन पावसाळे गेले.

काका, उंचीचं काय? जिग पलटलं तरी वर-खाली तेच राहतं ना?

टूलरूम काका, सातपूर

ताई, बरोबर बोललात. वरचं वरच राहतं, म्हणून वरची पट्टी सरळ वरच्या फळीच्या पृष्ठभागावर टेकवायची. प्लायची जाडी १२ च्या जागी साडेअकरा निघाली तरी फरक पडत नाही. कॉर्क मात्र सगळ्यांनी एकाच गठ्ठ्यातला घ्यायचा. उंचीचा फरक आडव्यापेक्षा वाईट. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे बनवलेल्या एचओ चाकाची फ्लॅंज, म्हणजे रुळाच्या आत उतरणारी कड, जेमतेम ०.६४ मिमी खोल असते. त्यातलं पाव मिमी पायरीने खाल्लं तर उरलं काय?

पितळी स्क्रूची कल्पना झकास. आधी स्क्रू मग बुश, की आधी बुश मग स्क्रू, यावर विचार करा. मी म्हणेन आधी बुश, दोन मॉड्यूल पिनांवर जोडा, मग रूळ सांध्यावरून अखंड सोल्डर करा आणि शेवटी पातळ डिस्कने कापा. कापलेले रूळ जुळणारच, ते एकाच रुळाचे दोन तुकडे आहेत.

स्विचमन, नाशिकरोड

म्हणजे शेवटी रूळच खरे आणि जिग त्यांच्या मागून. मी तेच म्हणत होतो.

टूलरूम काका, सातपूर

तुम्ही क्लॅम्प म्हणत होता.

घाटातला बँकर, इंदिरानगर

बारा दिवसांनी लिहितोय. सहापैकी चार कसारा टोकं झाली.

पहिलं टोक फसलं, लपवत नाही. मेण फक्त पिनेला चोळलं. एराल्डाइट बुशाच्या काठावरून जिगच्या तोंडावर आलं आणि जिग फळीला चिकटून बसलं. चाकू, मग हेअर ड्रायर. बायको म्हणाली, केस वाळवायला पस्तीस वर्षांत एकदा हातात घेतला नाही. पुढच्या टोकांना जिग आणि फळीमध्ये खाकी सेलोटेप लावला, त्यातून पिनेपुरतं भोक. सुटतं सहज. काका, हे तुमच्या पोस्टमध्ये नव्हतं!

आता मापं ऐका. तीन सांधे: ०.०५, ०.१, आणि एक ०.०५ चं पातंच जाईना. पाच डबे आणि मागे बँकर, सलग वीस फेऱ्या, एकही डबा पडला नाही. पंचवटीकराने लेझरवाल्याला फोन करून माफी मागितली, त्या बिचाऱ्याला आपण शिव्या खाल्ल्या हेच माहीत नव्हतं.

नवीन दुखणं पाचव्या-सहाव्यात. तिथून चढ सुरू होतो. खऱ्या घाटासारखाच ठेवलाय, ३७ ला १. म्हणजे १२०० मिमीच्या मॉड्यूलला ३२ मिमीच्या वर चढ. पिना बसतात, पण विंग नट आवळला तरी चौथ्या-पाचव्याच्या सांध्याला फट राहते, आणि जास्त आवळलं तर पाचवं मॉड्यूल सांध्यापाशी नाक वर काढतं.

टूलरूम काका, सातपूर

फट खाली आहे की वर? आणि टोकाची फळी कशाला काटकोनात लावली, वरच्या फळीला की जमिनीला?

घाटातला बँकर, इंदिरानगर

खाली. पावणेतीन मिमी. टोकाची फळी गुण्या लावून वरच्या फळीला काटकोनात. पंचवटीकराने केलंय, मी नाही.

टूलरूम काका, सातपूर

१०० मिमी उंचीची फळी आणि ३७ ला १ चढ. शंभर भागिले सदतीस, २.७. पंचवटीकरांचा गुण्या एकदम बरोबर आहे, शाबासकी द्या. पण वरची फळी तिरकी झाली की तिला काटकोनात लावलेली टोकाची फळीही तेवढीच तिरकी होते, आणि चौथ्याची तर उभी आहे. खालच्या टोकाला फट खाली आली. सहावं जिथे परत सपाटीला लागेल तिथे फट वर येईल, म्हणजे रुळातच पावणेतीन मिमीची खिंड. तिथे बँकर काय करतो ते बघायला मी येईन.

सगळ्या टोकांच्या फळ्या ओळंब्यात हव्यात, चढ असो की सपाटी. आणि चढ सांध्यावर सुरू करायचा नाही. फळीच्या आत फूटभर जाऊन, हळूहळू. प्लायला खालून तीन-चार खाचा मारल्या की तेवढा बाक येतो.

झालेल्याचं आता असं करा. खालच्या टोकाला पाचर चिकटवा, वर शून्य आणि खाली २.७. वरच्या टोकाला खालून रंधा. बुश अजून बसवले नसतील तर आधी हे, मग बुश. बसवलेत का?

घाटातला बँकर, इंदिरानगर

पाचव्याचे बसवलेत. कालच.

टूलरूम काका, सातपूर

हेअर ड्रायर अजून घरात आहे ना? तापवा, बुश निघतील. रविवारी दहा वाजता येतो, ओळंबा माझ्याकडे आहे. रंधा पंचवटीकरांना आणायला सांगा.